डावीकडचा ठोका

१

भिलाईत पहिली भट्टी पेटली त्या हिवाळ्यात कारखान्याच्या तारेच्या कुंपणाच्या आत चितळांचा एक कळप अडकला. अडकला म्हणजे काय, तर कळप होता तिथेच होता. तार त्याच्याभोवती आली. ज्यांनी तार ओढली त्यांना आत कोण राहतं हे विचारायचं सुचलं नाही. गावं उठवताना माणसांनाही फारसं कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा चितळांनी वेगळी अपेक्षा ठेवायचं काही कारण नव्हतं.

कळपानं नव्या रस्त्याच्या कडेला लावलेली गुलमोहराची रोपं खाल्ली. मग साहेब लोक जागे झाले. बाहेरून एक तज्ज्ञ आला, जीपमधून फिरला, आणि कागदावर एक शब्द लिहून गेला: व्यवस्थापन. कळप जिवंत पकडायचा, ट्रकात घालायचा, लांबच्या जंगलात सोडायचा. काम एका ठेकेदाराला मिळालं. या ठेकेदारानं जन्मात चितळ पाहिलं असलंच तर ताटात पाहिलं असेल. त्याला हाका, म्हणजे रानातलं जनावर हाकत आणणं, जाणणारा माणूस हवा होता. कुणीतरी गुलाबरावाचं नाव सांगितलं.

गुलाबराव विटांच्या टोळीवर मुकादम होता. तिरोड्याकडचा. त्याचा बाप राजेसाहेबांच्या शिकारीत ठोकेवाला होता, आणि ती विद्या बापानं पोराला दिली होती.

हाक्यात दोन तऱ्हेची माणसं असतात. एक हाकारे. ते मागून ओळ धरून, डबे-ढोल बडवत येतात. त्यांना कुणीही पाहतं. दुसरे ठोकेवाले. ते दोन्ही बाजूंच्या झाडांवर चढून गप्प बसतात. जनावर बाजूला फुटायला लागलं की काठीनं खोडावर हळूच एक ठोका द्यायचा. टक. बस, एवढंच. जोरात ठोकलं तर जनावर उधळतं. हळू ठोकलं तर ते कान हलवतं आणि आपल्याच मनानं वळल्यासारखं दुसरीकडे वळतं. ठोकेवाल्यांच्या दोन रांगा पुढे जवळ जवळ येत जातात, आणि जिथे मिळतात तिथे बांबूचं वाडगं, म्हणजे कोंडवाडा, असतो. वाडग्याचे कूड पळसाच्या हिरव्या पाल्यानं मढवायचे, म्हणजे जनावराला भिंत दिसत नाही. चांगला हाका कोणता, तर जनावराला अखेरपर्यंत वाटावं की आपण घरी चाललोय.

गुलाबरावाचा हाका चांगला झाला. डावी रांग त्यानं बसवली, उजवी त्याच्याच गावच्या रामाजीनं. कळप उन्हं कलताना वाडग्यात शिरला, एकही जनावर धावलं नाही. दार पडलं. चितळं पाल्याकडे तोंड करून उभी राहिली. मग एका मादीनं मान मागे टाकली, पाय दुमडले आणि ती मेली. अंगावर ओरखडा नाही. तिच्यामागून दुसरी. जी ट्रकात चढली ती वाटेत गेली. निव्वळ भेवानं. साहेबाच्या टेबलावर गेलेल्या कागदात ‘स्थलांतर यशस्वी’ असं लिहिलं होतं, आणि ते खोटं कसं म्हणावं, कारण कुंपणाच्या आत आता चितळ नव्हतं.

एक रीत राहून गेली. ज्यानं ठोकेवाल्याला झाडावर बसवलं त्यानंच झाडाखाली जाऊन त्याला ‘उतर’ म्हणायचं असतं; तोवर हाका चालूच असतो. पण ठेकेदाराच्या ट्रकानं हॉर्न वाजवला, “चलो चलो, जल्दी” झालं, आणि माणसं आपापली उड्या मारून उतरली. रामाजी कुरकुरला. गुलाबराव त्या वेळी मेलेल्या मादीच्या डोळ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याला रीत आठवली नाही.

२

माघात त्याला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागे विटांच्या भिंतीचं अंगण, समोर सरळ गल्ली. गल्लीच्या अगदी टोकाचं घर. भिंतींना अजून चुन्याचा वास होता. त्यानं बायकोला, अंजनाबाईला, गावाहून आणलं. तिला सहावा सरत आला होता.

पहिलं मूल सातव्यातच गेलं होतं. गावात दोन बैल झुंजत थेट तिच्या अंगणात घुसले. तिला शिंग लागलं नाही की धक्का लागला नाही, पण ती भ्याली. तिच्या माहेरच्या, आमगावच्या सुइणीनं गुलाबरावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “पुढच्या खेपेले हिले भेव लागू देऊ नका. बाकी सारं मी पाहून घेतो.” तेव्हा त्याला ते बायकी बोलणं वाटलं होतं. वाडग्यातल्या मादीनं मान टाकलेली पाहिल्यावर वाटेनासं झालं. म्हणून त्यानं मनाशी एकच गोष्ट धरली: मूल होईस्तोवर या घरात भ्यायचं काही घडू द्यायचं नाही. तो मोठ्यानं बोलेना. दार आपटू देईना. हाक्याची हकीगत तर त्यानं तिला सांगितलीच नाही.

एके संध्याकाळी तो भाकरी खात होता. डावीकडच्या भिंतीतून आवाज आला. टक.

त्याचा घास हातात राहिला. पाठ आपोआप ताठ झाली. तो आवाज त्याला कुणी शिकवायला नको होता: सुकी काठी, ओलं खोड, मनगट सैल.

“काय झालं?” अंजना म्हणाली.

“काई नाई. शेजारी खिळा ठोकून राहिले वाटते.”

“बाजूचं घर त खाली हाय.”

“मंग पाइप असंन. ऊन उतरलं का पाइप वाजते.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि वरण वाढलं. तोही जेवला. पाइप वाजतो हे खोटं नव्हतं. नव्या घरात काय काय वाजतं. फक्त पाइप लोखंडाचा असतो, आणि हा आवाज लाकडाचा होता.

दुसऱ्या दिवशी त्याला दिसलं की आपण नकळत खाट डाव्या भिंतीपासून ओढून उजवीकडे नेली आहे. संध्याकाळी कामावरून येऊन पाहतो तर अंजनानं ती परत डावीकडे सरकवलेली. त्याला उलट बरं वाटलं. ती त्या भिंतीकडेच जाते, म्हणजे तिला काही ऐकू येत नाही. त्यानं पुन्हा खाट सरकवली. तिनं पुन्हा सरकवली. असं करता करता खाट खोलीच्या बरोबर मध्ये येऊन थांबली, आणि दोघांनीही तिला तिथून हलवलं नाही.

“पाहुण्यानं काय म्हणावं,” अंजना हसून म्हणाली. “याइले भिंती मिळाल्या त टेकाची अक्कल नाई.”

३

रामाजी रेल्वेत खलाशी होता. संध्याकाळी पावर हाउसच्या बाजारात एका टपरीवर तो सापडायचाच. गुलाबराव दिसताच त्यानं बाकावर जागा केली.

“ये मुकादम. तोंड कावून असं? वहिनीनं भाकर नाई देली का?”

“देली.”

“मंग पोटात दुखते का तुह्या? दिवस तिले गेले ना बे, का तुले?”

टपरीवाला हसला. गुलाबरावानं चहाची बशी हातात घेतली, फुंकर घातली, तशीच खाली ठेवली.

“रामाजी, हाका झाल्यावर तुले कधी ठोके ऐकू आले का?”

“मले कावून येतीन? ठोके जनावराले ऐकू येते. तू कधीपासून जनावर झाला?”

“खरं विचारून राहिलो.”

रामाजीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज उतरवून विचारलं, “कोन्या बाजूनं?”

“डावीकून.”

“एकाच बाजूनं?”

“एकाच.”

“मंग भेतं कायले? एकाच बाजूचा ऐकू येते तवा जनावर मोकळ्यातच असते. तुह्याच बापानं शिकवलं ना आपल्याले. दोन्हीकून आले म्हणजे समजावं का वाडग्याच्या तोंडाशी आलं.” तो हसला. “तुहं तोंड लांब हाय अजून. चहा पे.”

थट्टाच होती. पण ती थट्टा गुलाबरावानं उराशी धरून घरी नेली. एकाच बाजूनं येतो, म्हणजे तोंड लांब आहे. आणि मागाहून त्याला आठवलं की चहा पी म्हणणाऱ्या रामाजीनं आपला अर्धा चहा तसाच टाकला होता, आणि सायकल घेऊन तो रोजच्या वाटेनं न जाता भलत्याच वाटेनं गेला होता.

४

गुलाबराव अडाणी नव्हता. सगळं तपासून पाहायचं त्यानं ठरवलं.

आधी तो वाडग्याच्या जागेवर गेला. तिथे काही नव्हतं. ठेकेदारानं बांबू विकून खाल्ले होते; खांबांच्या खड्ड्यांत पावसाळी गवताची वाळकी मुळं आणि एक फाटकी चप्पल. ठोकेवाले ज्या झाडांवर बसले होते ती झाडंही तोडली होती. झाड नाही, काठी नाही, माणूस नाही. मग ठोका कुठून येईल? त्याला हायसं वाटलं. ती जागा त्याच्या क्वार्टरपासून चांगली लांबही होती.

मग त्यानं डोळे उघडे ठेवून गल्ली पाहिली. पाळी सुटायच्या भोंग्याला माणसं परत यायची. त्यांच्या वस्तीला यायला डावीकडून एक चांगला डांबरी रस्ता होता, जवळचाही होता. त्या रस्त्यानं एक सायकल येईना. सगळे या अरुंद गल्लीतून, एकमेकांना कोपर लावत, गुलाबरावाच्या घराकडे यायचे आणि मग आपापल्या दारात शिरायचे. त्यानं चार घरं सोडून राहणाऱ्या टिकारामला गाठलं.

“तिकडल्या रस्त्यानं कावून येत नाई बे?”

टिकाराम थांबला. त्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता असं तोंडावर दिसत होतं.

“मन नाई होत, जी.”

“रस्ता खराब हाय?”

“नाई, मस्त हाय. नवा डामर.” टिकारामनं त्या दिशेला पाहायला मान वळवली, आणि मान अर्ध्यावरच थांबून परत आली. “इकूनच बरं वाटते. घरी चालल्यावाणी वाटते.”

त्या रविवारी गुलाबराव मुद्दाम डाव्या रस्त्यानं सुपेल्याच्या बाजाराला निघाला. हातात पिशवी, डोक्यावर चांगलं लख्ख ऊन. वळणावर त्याला ठोका ऐकू आला. अगदी हळू. टक. भीती वाटेल म्हणून त्यानं दात आवळले होते. भीती वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की घरी अंजना एकटी आहे, भाजी काय उद्याही आणता येईल. पुढचं भान आलं तेव्हा तो आपल्याच दाराची कडी काढत होता, पिशवी रिकामी, आणि मनात एवढं समाधान की त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

उंबऱ्यावर उभा राहून त्यानं स्वतःला समजावलं: एकाच बाजूनं येतो. एकाच बाजूनं. अंजनाला तर काही माहीतही नाही.

५

फागुनात धुळवड आली. कारखान्याला नाही, पण त्याच्या टोळीला त्या दिवशी सुटी होती. बाहेर लांबवर पोरंबाळं आणि मोठे बाप्येही डबे बडवत होते. दुपार व्हायची होती. अंजना खाटेच्या पायथ्याशी बसून सुपात तांदूळ निवडत होती. आठवा लागला होता तिला. सूप मांडीवर राहत नव्हतं, म्हणून गुडघ्यावर तिरपं धरलं होतं.

टक.

गुलाबराव उजवीकडे सरकला. नेहमीसारखं न दाखवता, जरा पाय मोकळे केल्याच्या बतावणीनं. आणि तो सरकला त्याच घटकेला अंजना सूप उचलून डावीकडे सरकली. दोघांचे खांदे एकमेकांना लागले.

ती हसली नाही.

“तुमी कावून सरकले?” तिनं विचारलं.

“पायाले मुंग्या आल्या. तू?”

तिनं एक खडा सुपातून वेचला, बोटांत धरून ठेवला, टाकला नाही.

“मी तुमाले सांगनार नव्हती. तुमी दिवसभर उन्हात मरता, अजून डोक्याले ताप नोको म्हणून. अवो, मले आवाज येते. माघापासून. कोनीतरी काठीनं ठोकल्यावाणी.”

म्हणजे ठोका तिलाही ऐकू येत होता. तरी तो जमेल तेवढ्या साध्या आवाजात म्हणाला, “पाइप असंन. डाव्या भिंतीतून येते तोच ना?”

“डाव्या कावून? उजव्या,” अंजना म्हणाली. “मले त उजवीकून येते. डावीकून कधीच नाई. म्हणून त मी खाट तिकडं नेत होती. उजवीकडच्या नळावर बी कोनीच बाई जात नाई आता, साऱ्या आपल्या दारापुढच्या नळावर येते.”

खोलीत काही बदललं नाही. खाट होती, सूप होतं, चुलीवर भगोनं होतं. गुलाबराव मात्र त्या खोलीकडे आता पहिल्यांदाच पाहावं तसा पाहत राहिला. डावी भिंत. उजवी भिंत. सरळ, अरुंद गल्ली, आणि तिच्या टोकाला हे घर. किती आनंदानं त्यानं घेतलं होतं ते.

“काय झालं जी?”

“काई नाई. तू भेऊ नोको.”

“मी नाई भेत. तुमीच भेऊन राहिले,” ती म्हणाली.

पाणी प्यायचं म्हणून तो उठला आणि मागच्या अंगणाचं दार उघडलं.

अंगणाच्या विटांच्या भिंतीला पाला लावलेला होता. पळसाचा. खालपासून वरपर्यंत, फांदीवर फांदी, देठ आतल्या बाजूला, वीट म्हणून दिसत नव्हती. त्यानं हाक्यात लावायला शिकवला होता तसाच, आणि त्याहून नीट. पानं हिरवीगार होती, ओली होती, एकेकावरून पाणी निथळत होतं. फागुनात. बाहेर मैलोन्‌मैल पळस उघडेबोडके, नुसती फुलं अंगावर घेऊन उभे होते. एका झाडावर हिरवं पान शोधून मिळालं नसतं.

भिंतीच्या वर आलेल्या दोन फांद्यांच्या मध्ये बोटभर फट होती. त्यातून पलीकडे काहीतरी दिसत होतं. पलीकडे झाड नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तिथे नुसतं मोकळं मैदान होतं. तरी त्याला भिंतीच्या उंचीवर पायांचे दोन तळवे दिसले. माणसाचे, भेगाळलेले, फांदीवरून सोडलेले असावेत तसे लोंबते. चांगला ठोकेवाला बसतो तेव्हाच माणसाचे पाय असतात इतके स्थिर. तो पाहत असताना त्यातल्या एका पायाचा अंगठा सावकाश वळला. ठोका द्यायच्या आधी अंगाचा तोल सावरताना वळतो तसा.

त्यानं दार लावलं. आपटलं नाही, कडीसुद्धा हळूच घातली.

“अंजना,” तो म्हणाला, “आईकडे जायचं का तुले? आमगावले? आत्ताच?”

“धुळवडीच्या दिवशी?”

“दुपारची पॅसेंजर हाय.”

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. एकही प्रश्न न विचारता तिनं लुगड्याचं गाठोडं बांधलं.

६

समोरचं दार उघडलं तर डबे अगदी जवळ आले होते. गल्लीची पूर्ण रुंदी धरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वस्तीची माणसं येत होती. तोंडं रंगलेली, हातात रॉकेलचे डबे, ढोलकी, ताटल्या. धुळवडच ती. दरवर्षी असते. पण दरवर्षी माणसं घोळका करतात, नाचतात, पडतात. ही ओळ धरून येत होती. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.

जुनी, शहाणी जनावरं हाक्यातून वाचतात ती एकाच रीतीनं, हे गुलाबरावाला बापानं सांगितलं होतं. ती पुढे जात नाहीत, बाजूला जात नाहीत. उलटी फिरतात आणि थेट गोंगाटावर चालून जातात. त्यानं अंजनाला पाठीशी घेतलं, तिचा हात मागे आपल्या कमरेला लावला, आणि निघाला.

“मुकादम, तिकडं कुठं?” ओळीतून टिकाराम म्हणाला. त्याच्या तोंडाला हिरवा रंग होता आणि हात डबा वाजवतच होते. “चाला ना घरी.”

“वहिनीले घेऊन कुठं निघाले?” कुणी बाई म्हणाली. “घरी चाला, घरी चाला.”

सगळे प्रेमानं बोलत होते. कुणी हात लावला नाही. फक्त ते दोघं जवळ आले तशी ओळ त्यांच्यासमोर दाट झाली आणि डबे मोठ्यानं वाजू लागले, इतके की अंजनानं त्याच्या पाठीत तोंड खुपसलं. गुलाबरावानं टिकारामच्या छातीला खांदा लावला. टिकाराम हलला नाही. मग एकाएकी बाजूला झाला. ते दोघं पार झाले, आणि मागे ओळ मिटली; डबे त्यांच्या रिकाम्या घराकडे जाऊ लागले. कुणी वळून पाहिलं नाही.

स्टेशनापर्यंत त्यांना एकही ठोका ऐकू आला नाही. ना डावीकडून, ना उजवीकडून. गाडी वेळेवर आली. डब्यात गर्दी नव्हती. अंजनाला खिडकीशी बसवून गुलाबराव समोर बसला, आणि गाडी हलली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण कितीतरी वेळ श्वास अर्धाच घेत होतो.

“भ्याली का वो?” त्यानं विचारलं.

“नाई,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तवा जरासक. आता नाई.”

“बाळ?”

तिनं पोटावर हात ठेवला. चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं हात जरा वर नेला, जरा खाली आणला. चाकांचा खडखडाट चालला होता. गुलाबराव उठून तिच्या शेजारी गेला. तिनं त्याचा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला. त्याच्या डोळ्यांपुढे वाडगं होतं. ट्रकात चढलेली, ओरखडाही न उठलेली चितळं होती. तो कुणाला विनवावं हे न कळून विनवत होता.

मग त्याच्या तळव्याला धक्का लागला. बारीकसा, डाव्या बाजूनं.

“हाललं,” अंजना म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. त्याचेही आले. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालासुद्धा हसू आलं आणि त्यानं तोंड खिडकीबाहेर केलं.

पुन्हा धक्का. एकच. मग थांबणं. अंजना अवघडून उजवीकडे सरकली. गुलाबरावाचा हात तिच्या पोटावरच होता. तिसऱ्या खेपेला त्याला त्या धक्क्यामागचं सैल मनगट कळलं. त्यात जोर नव्हता. उधळू नये एवढ्याच बेतानं दिलेला होता तो.

मूल आहे, लाथ मारणारच, तो स्वतःला म्हणाला. सगळी मुलं मारतात.

दुर्गला गाडी थांबली. अंजना उठली. आधी त्याला वाटलं पाणी प्यायला, पण ती गाठोडं मागत होती.

“आमगाव लांब हाय अजून,” तो म्हणाला. “बस.”

“घरीच चाला जी,” अंजना म्हणाली. तिचा चेहरा इतका शांत त्यानं लग्नानंतर पाहिला नव्हता. “मले तिथंच बरं वाटते. सारं सामान बी तिथंच हाय.”

तिचा हात धरावा, तिला खाली बसवावं, गाडी सुटेपर्यंत सोडू नये, हे त्याला कळत होतं. त्यासाठी लागणारी भीती त्यानं मनात शोधली. सकाळी होती ती. आत्ता तिथे नुसतं ऊन होतं, खाट होती, चुलीवरचं भगोनं होतं. त्यानं गाठोडं उचललं.

समोरच्या फलाटावर भिलाईकडे परतणारी गाडी उभी होती. तो आधी उतरला आणि त्यानं हात पुढे केला. अंजनानं तो धरला, पोट सांभाळत, एकेक पाऊल बघून टाकत ती खाली आली.

“पाहा,” ती म्हणाली, “कसं छान हालून राहिलं आता.”